ट्रेडमिलचं कूळ आणि आपलं जातं



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की शहरातल्या नातेवाइकांचे फोन येऊ लागतात. "आमच्याकडे एक वस्तू नुसती पडून आहे. चांगली आहे हं, मोडलेली नाही. तुमच्या गटाला पाठवू का?" पूर्वी ही वस्तू म्हणजे जुन्या साड्या, लेकरांना लहान झालेले स्वेटर, फार तर जुना डबा टीव्ही. गेल्या काही वर्षांत त्यात नवी भर पडली आहे ती घरात व्यायाम करायच्या सायकलीची, नाहीतर ट्रेडमिलची. सायकल म्हणजे जिला पॅडल आहे पण जी कुठेच जात नाही, ती. आणि ट्रेडमिल म्हणजे पायाखाली सरकणारा पट्टा. आपण चालत राहायचं आणि जागच्या जागी राहायचं. हौसेनं आणतात, महिनाभर वापरतात, मग तिच्यावर ओले टॉवेल वाळत पडतात, आणि घर बदलायची वेळ आली की गावाची आठवण येते.

फुकट मिळतंय म्हटल्यावर आपल्या तोंडून पटकन "हो" निघतं. पण सोयरीक जमवताना आपण कूळ विचारतो. शेळी घेताना तिची आई किती दूध देत होती ते विचारतो. तर दारात येणाऱ्या या यंत्राचंही कूळ आधी विचारूया. घ्यायचं का, आणि घेतलं तर त्याचं काय करायचं, त्याकडे मी नंतर येते.

सुरुवात ट्रेडमिलपासून, कारण तिचा जन्म तुरुंगातला आहे.

इंग्लंडात नॉरफोक नावाचा मुलूख आहे. तिथल्या एका गिरणीवाल्याच्या घरी १७८५ साली विल्यम क्यूबिट हा मुलगा जन्मला. बापाची दळणाची गिरणी. पोरगं चाकं, दाते, दगड बघतच वाढलं आणि पुढे मोठं इंजिनिअर झालं. त्या काळात तिथल्या तुरुंगात कैदी दिवसभर रिकामे बसून असत आणि अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत ते खुपत असे. क्यूबिटनं १८१८ च्या सुमारास त्यावर तोड काढली. एक लांबलचक पोकळ पिंप आडवं बसवायचं, त्याच्या अंगाला बाहेरून पायऱ्या ठोकायच्या, आणि कैद्यांना एका ओळीत त्या पायऱ्यांवर उभं करायचं. हाताला धरायला वर आडवा दांडा. माणसाच्या वजनानं पायाखालची पायरी खाली जाते आणि पुढची समोर येते. तिच्यावर पाय टाकला नाही तर तोल गेलाच. म्हणजे जिना चढत राहायचा, पण माडीवर कधी पोचायचं नाही. १८२१ साली लंडनजवळच्या ब्रिक्स्टनच्या तुरुंगात असं मोठं चक्र बसलं आणि बघता बघता ते देशभर पसरलं.

'ट्रेड' म्हणजे पाऊल टाकणं आणि 'मिल' म्हणजे गिरणी. पायानं चालवायची गिरणी. ब्रिक्स्टनला त्या चक्रावर खरोखर धान्य दळलं जात होतं, काही तुरुंगांत पाणी उपसत. पण पुष्कळ ठिकाणी चक्राला काहीच जोडलेलं नसे. माणसं तासन् तास चढत, चक्र फिरत राही, आणि बाहेर काही म्हणजे काही पडत नसे. लोक त्याला 'वारा दळणं' म्हणत. पुढे कैद्यांनी एकमेकांशी बोलूही नये म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावल्या. दिवसभरात हजारो फुटांची चढण व्हायची आणि समोर दिसायची ती फळी. बायकांनाही या चक्रावर चढवत. त्यांच्या तब्येतीचं काय होतं, यावरून तिथल्या डॉक्टरांमध्ये आणि अधिकाऱ्यांमध्ये बरेच वाद झाले.

ऑस्कर वाइल्ड हा मोठा नाटककार. १८९५ साली त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हा त्यालाही लंडनच्या तुरुंगात या चक्रावर चढावं लागलं. १८९८ साली इंग्लंडात तुरुंगांचा नवा कायदा झाला आणि त्यानंतर ही चक्रं बंद पडली. तेच इंग्रज सरकार अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये मात्र त्यानंतरही आपल्या माणसांना बैलाच्या जागी कोलूला जुंपत होतं. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. सावरकर तिथे १९११ साली गेले, त्यांनाही तो ओढावा लागला. रोज ठरलेलं तेल निघालंच पाहिजे, नाही निघालं तर आणखी शिक्षा.

आता इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट वाचताना माझ्या मनात दुसरंच काही येत होतं. बसून दळणं, उभ्यानं कांडणं, घाणा ओढणं, पाणी उपसणं. ज्या कामांना कोर्ट 'सक्तमजुरी' म्हणत होतं, त्यांतली निम्मी कामं आपल्या आज्या-पणज्या रोज करत होत्या. कुठलाही गुन्हा न करता. पहाटेच्या अंधारात उठायचं, पाय पसरून किंवा एक पाय दुमडून जात्याला बसायचं, खुंटा धरायचा आणि घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ दळायचं. मग पाणी, मग शेण, मग शेत. त्याला कुणी कामही म्हणत नव्हतं. "बाई काय करते?" तर "काही नाही, घरीच असते."

फरक एवढाच होता की जात्यावर आपल्या बायका बोलत होत्या. तिथे फळ्या नव्हत्या. समोरासमोर बसलेली सून आणि नणंद, दोघींचा हात एका खुंट्यावर, आणि तोंडात ओवी. जे दिवसा घरात बोलता येत नसे ते ओवीत येत असे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्या भरल्या त्या! माहेर, सासर, भाऊ, लेक, विठोबा, डॉक्टर बाबासाहेब, सगळे त्यांत आहेत. इतकं बोलणं एका दगडाभोवती साठलेलं होतं.

म्हणून मला कुणी म्हणालं, "पूर्वीच्या बायका कशा धट्ट्याकट्ट्या होत्या, जात्यावर दळायच्या, आता तुम्हाला जिम लागते," की मी त्या माणसाला विचारते, तुम्ही किती दळलंत? गिरणी आली तेव्हा आपल्या आज्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि बरोबर सोडला. शरीर राबणं आणि व्यायाम होणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कांदे लावताना दिवसभर वाकून राहिलं की कंबर धरते, पण त्या दिवशी पोटरी, खांदा, छाती यांना काहीच मिळत नाही. डोक्यावर पाणी वाहून मान आखडते, मोकळी होत नाही. "आम्हाला कसला मेला व्यायाम, आम्ही दिवसभर राबतो" असं आपणच म्हणतो आणि चाळिशीत गुडघे धरून उठतो.

पण जात्याचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. गिरणीनं त्याचं रोजचं काम काढून घेतलं, म्हणून कुणी ते फेकून दिलं का? हळदीच्या दिवशी ते अजून बाहेर येतं, पुजलं जातं, त्याच्यावर हळद दळतात. डाळ भरडायला काढतात. अगदीच फुटलं तर एक दगड पायरीला लागतो, नाहीतर न्हाणीघरात पाय घासायला, नाहीतर अंगणात तुळशीशेजारी बसायला. उखळ जमिनीत पुरलेलंच असायचं, त्यात पुढे कोंबड्यांना पाणी ठेवलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय. शिलाई मशीनचंही तेच. वर मोटर बसली की खालचं पायाचं बिडाचं स्टँड सुटं होतं, आणि त्याच्यावर फळी टाकून पोराच्या अभ्यासाचं टेबल होतं. जुनी वस्तू परत वापरणं आपल्याला कुणी शिकवायला नको. शहरात त्याला 'रीसायकलिंग' म्हणतात, आपल्याकडे त्याला नावच नव्हतं.

तर पुन्हा ट्रेडमिलकडे. तुरुंगातलं चक्र बंद झालं आणि तिनं नवा जन्म घेतला तो दवाखान्यात. १९५० नंतरच्या वर्षांत अमेरिकेत सिॲटल इथल्या विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस नावाचे हृदयाचे डॉक्टर आणि वेन क्विंटन नावाचे तंत्रज्ञ यांनी रोग्याला सरकत्या पट्ट्यावर चालवून त्याच्या हृदयाचा आलेख काढायला सुरुवात केली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवायचा, आणि हृदय कुठे कुरकुर करतं ते बघायचं. छातीत दुखतं म्हणून तालुक्याला नेलं की डॉक्टर 'टीएमटी करून या' म्हणतात ना, ती हीच तपासणी. त्यातला पहिला 'टी' ट्रेडमिलचा.

मग ती घरात शिरली. १९६८ साली केनेथ कूपर या अमेरिकन डॉक्टरांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. पळा, चाला, हृदयाला दमवा, असं सांगणारं. ते वाचून न्यू जर्सीच्या विल्यम स्टॉब नावाच्या इंजिनिअरला वाटलं की थंडीपावसात लोक बाहेर पळणार कसे? त्यांनी घरात मावेल अशी, परवडेल अशी ट्रेडमिल बनवली. स्टॉब ९६ वर्षं जगले. २०१२ साली गेले.

म्हणजे बघा, हालचाल तीच आहे. एक पाऊल, दुसरं पाऊल, जागच्या जागी. कैद्याला ती शिक्षा होती, रोग्याला तपासणी झाली, आणि पैसेवाल्याला हौस. चक्रावर चढवणारा कोण आणि उतरायची मुभा कुणाला, एवढ्यानं सगळा अर्थ बदलला.

आपल्याकडच्या व्यायामाच्या वस्तूंचं कूळ वेगळं आहे. गावात तालीम होती. लाल माती, मुद्गल, दगडी नाल, मल्लखांब. मुद्गल एकदा चांगल्या लाकडाचा घडवला की आजोबांचा नातवाच्या हातात जायचा, त्याला ना वीज लागते ना पट्टा. गंमत म्हणजे इंग्रजांनी हा मुद्गल इथे पाहिला आणि तिकडे नेला. १८३० नंतर लंडनमध्ये त्याच्यावर पुस्तकं निघाली आणि डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकानं तर बायकांच्या व्यायामाचं वेगळं पुस्तक लिहून त्यात हलके, बारीक मुद्गल दाखवले. ऑलिंपिकमध्ये १९०४ आणि १९३२ साली मुद्गल फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. आणि १९८४ पासून मुलींच्या तालबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये ज्या दोन छोट्या गदेसारख्या वस्तू हवेत उडवताना टीव्हीवर दिसतात, त्या त्याच घराण्यातल्या. आमच्या मातीतली वस्तू तिकडच्या बायकांच्या हातात दीडदोनशे वर्षांपूर्वी गेली. इथे तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईनं पाऊल ठेवायचं नव्हतं. मारुतीरायाचं कारण पुढे करायचे. आता कुस्तीत आपल्या मुली पदकं आणतात, पण गावच्या तालमीत संध्याकाळी चार बायका हातपाय हलवायला जातात असं चित्र मी तरी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

आता सायकल. जागच्या जागी चालवायच्या यंत्राचा पहिला गाजलेला नमुना १७९६ सालचा. लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स यांनी 'जिम्नॅस्टिकॉन' नावाचं यंत्र काढलं. हातानं दांडे फिरवायचे, पायानं फळ्या दाबायच्या, मध्ये चाक. ज्यांना आजारपणामुळे किंवा बैठ्या कामामुळे हालचाल होत नाही त्यांच्यासाठी. तेव्हा रस्त्यावर धावणारी पॅडलची सायकल जन्मालाही आली नव्हती! १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरसुद्धा व्यायामाच्या अशा सायकली होत्या, अर्थात पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी.

सायकलीचं कूळ मला म्हणून आवडतं. ती तुरुंगातून आलेली नाही. शिवाय तिच्या पोटात एक कामाची वस्तू आहे, ती म्हणजे जड चाक. जुन्या सायकलींत ते बिडाचं असतं. एकदा फिरायला लागलं की पाय थांबले तरी ते थोडा वेळ फिरत राहतं आणि झटके सांभाळून घेतं. कडबा कापायच्या हाताच्या यंत्राला मोठं चाक असतं ना, त्याचं कामही तेच.

हे चाक पाहून कुणाच्याही मनात येईल की याच्यावर काहीतरी दळता येईल. हा विचार जगात एका ठिकाणी फार चांगला फळला, ते सांगते. अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ग्वाटेमाला नावाचा देश आहे. आपल्याकडे ज्वारी तसा तिथे मका. तिथल्या सान आंद्रेस इत्सापा या गावात १९९७ च्या सुमारास 'माया पेडल' नावाची संस्था उभी राहिली. अमेरिका आणि कॅनडात लोकांनी टाकून दिलेल्या, दान केलेल्या सायकली तिथे येतात. चांगल्या असतील त्या दुरुस्त होऊन रस्त्यावर जातात. बाकीच्या कापून, जोडून त्यांची यंत्रं करतात. मका सोलायचं, धान्य भरडायचं, विहिरीतून पाणी ओढायचं, मिक्सरसारखं घुसळायचं. तिथल्या बायकांच्या एका गटानं कोरफडीचा शाम्पू करायला पॅडलवर चालणारा मिक्सर वापरला. विजेचं बिल नाही, आणि बिघडलं तर गावातला सायकलवाला दुरुस्त करतो.

हे जमलं कशामुळे? मला वाटतं, सायकली आल्या तेव्हा त्यांचं काय करायचं हे तिथल्या माणसांनी ठरवलं. दान देणाऱ्यानं सांगितलं नाही की ही घ्या आणि तब्येत कमवा. लोखंड आलं, चाक आलं, साखळी आली. पुढचं डोकं गावाचं.

पण म्हणून उद्या लगेच व्यायामाच्या सायकलीला गिरणी जोडायला निघू नका, आधी थोडा हिशोब करू. घरघंटीची मोटर साधारण एक अश्वशक्तीची असते, म्हणजे ७४६ वॅट. निरोगी माणूस तासभर पॅडल मारत राहिला तर साधारण ७५ वॅट ताकद देतो. म्हणजे एका घरघंटीच्या बरोबरीला दहा बायकांनी एकदम पॅडल मारायला हवं. हळू दळायची पॅडलची चक्की बनते, पण गव्हाचं बारीक पीठ तिच्यावर काढायचं म्हणजे पुन्हा पणजीच्या पहाटेकडे जाणं. त्यासाठी आपण गिरणी आणली होती का? जिथे ताकद थोडी आणि फिरणं जास्त लागतं तिथे पॅडल शोभतं. विळे-कोयते लावायचा दगड फिरवणं, सुताच्या लडी गुंडाळणं, मक्याची कणसं सोलणं, भरडसर चटणी घुसळणं. गावात वेल्डिंगवाला हुशार असेल आणि गटाला असं काम असेल तर एक सायकल त्याला द्यायला हरकत नाही. नसेल तर तिला सायकलच राहू द्या. ती व्यायामाला वापरणं म्हणजे वाया घालवणं, असं मनात आणू नका. आपल्याकडे बाईनं बसून नुसतं पॅडल मारलं की सासूला वाटतं, त्यातून काहीतरी निघालं पाहिजे, निदान शेवग्याच्या शेंगा तरी सोलून व्हाव्यात. वीस मिनिटं काहीच निघालं नाही तरी चालतं. श्वास मोकळा होतो, मांडीचे स्नायू घट्ट होतात. गुडघेदुखीत डॉक्टर पुष्कळदा सायकल सांगतात, कारण तिथे अंगाचं वजन गुडघ्यावर येत नाही. छातीत दुखणं, दम लागणं, बीपी, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

ट्रेडमिलच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. चालू असो की बंद, गावाकडे पाठवू नका असं सांगा. घरगुती ट्रेडमिलची मोटर दीड-दोन अश्वशक्तीची. आपली वीज जाते, येते, दाब कमी-जास्त होतो आणि तिच्या आतलं नियंत्रणाचं कार्ड जळतं. नवं कार्ड तालुक्याला मिळत नाही. पट्ट्यात लेकराचं बोट अडकलं तर कातडी सोलून निघते. आणि चालायला आपल्याला बांध आहे, पाणंद आहे. चार जणी मिळून निघालो तर बोलणंही होतं. चालण्यासाठी यंत्र लागतं ते जिथे रस्ता नाही तिथे.

बंद पडलेली असेल तर अजून मोठं कारण. २०२२ साली सरकारनं ई-कचऱ्याचे नवे नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत वीज किंवा इलेक्ट्रॉनिक भाग असलेलं व्यायाम-खेळाचं सामानही धरलं आहे. असा माल बनवणाऱ्या कंपन्यांनी ठरलेल्या प्रमाणात जुना माल नोंदणी झालेल्या रिसायकलरकडून रीतसर मोडून घ्यायचा, अशी जबाबदारी त्यांच्यावर आहे. हे रिसायकलर आणि माल गोळा करणारी केंद्रं शहराच्या आसपास असतात, आपल्या वाडीत नसतात. शहरातली बंद वस्तू गावात आली की तिचं काय होतं ते आपण बघितलंय. लोखंड भंगारात किलोवर जातं, आणि उरलेल्या वायरी उकिरड्यावर जाळून कुणीतरी त्यातलं तांबं काढतं. तो काळा धूर आपल्या पोरांच्या छातीत जातो. दान म्हणून आलेला कचरा शेवटी आपल्याच नावावर पडतो. तेव्हा "ताई, तुमच्याच शहरात जमा करा" हे सांगताना संकोच करायचं कारण नाही.

लोखंडी डंबेल आणि गोल वजनं खुशाल घ्या. बीड कधी शिळं होत नाही. गंज आला तर खरवडून रंग द्यायचा. प्लास्टिकच्या आवरणाची असतील तर हलवून बघा, काहींच्या आत नुसती वाळू किंवा सिमेंट असतं आणि आवरणाला चीर गेली की घरभर सांडतं. हलकं, एक-दोन किलोचं वजन आपल्याला पुरतं. जड असतील ती शाळेच्या मुलांना द्या. आणि लोणच्यावर दडपण म्हणून लोखंड ठेवू नका, मीठ-खारानं गंजतं, तिथे आपला धोंडाच बरा. ताणायचे रबरी पट्टे सहसा घेऊ नयेत. जुनं रबर वरून चांगलं दिसतं आणि ताणल्यावर तोंडावर तुटतं.

सायकल आली तर पहिलं काम म्हणजे साखळी आणि चाक झाकलेलं आहे का ते बघणं. साडीचा काठ, ओढणी, परकर, वेणी, सगळं त्यात ओढलं जाऊ शकतं. उघडं असेल तर पत्र्याचं आवरण ठोकून घेतल्याशिवाय कुणी बसायचं नाही. साडी खोचून, पदर कमरेला बांधून बसायचं, नाहीतर सलवार. ब्रेकची पट्टी घासली असेल तर चामड्याचा तुकडा लावून चांभारकाका करून देतात. गटाच्या खोलीत ठेवायची. कुणा एकीच्या पडवीत ठेवली की महिन्याभरात तिच्यावर तिचे टॉवेल वाळतात, आणि समाजमंदिरात ठेवली की पोरं तिची पॅडलं काढतात. किल्ली आळीपाळीनं ठेवा. दुपारी तीन ते पाच ही वेळ बऱ्याच गटांना सोयीची पडते, भांडी झालेली असतात आणि जनावरं अजून परतायची असतात. एक जण पॅडल मारते तेव्हा दुसरीनं समोर बसून बोलायचं.

आणि फोन आला की सायकलीचा फोटो मागवा, चाक फिरवून दाखवायला सांगा, आणि टेम्पोचं भाडं कोण देणार ते फोन ठेवायच्या आधी विचारून घ्या.